ईमची वेस

ऑगस्टचा शेवटचा रविवार म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या ईम या डोंगरी खेड्याचा ‘प्लेग संडे’. या दिवशी गावकरी कुक्लेट डेल्फच्या घळीत उघड्यावर प्रार्थनेला जमतात. १६६६ च्या उन्हाळ्यात चर्चमध्ये दाटीने बसणे धोक्याचे झाले, तेव्हा प्रार्थना इथेच होई आणि कुटुंबे एकमेकांपासून अंतर राखून उभी राहत.

सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याच्या घरी कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असे गाव सांगते. पुढच्या जूनमध्ये गावाने आपली वेस बंद केली. बाहेरच्याने आत यायचे नाही, आतल्याने बाहेर जायचे नाही. तरुण धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि धर्ममतामुळे पद गमावलेले थॉमस स्टॅन्ली हे खरे तर विरुद्ध पंथांचे; पण गावाला सांगायला दोघे एकत्र उभे राहिले. मॉम्पेसन यांनी मुलांना आधीच दूर पाठवले होते. पत्नी कॅथरीन मात्र थांबली आणि ऑगस्टमध्ये प्लेगनेच गेली. त्याच महिन्यात एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरे शेतात पुरली. साथ सरेपर्यंत सुमारे २६० माणसे गेली.

सधन मंडळी आधीच निघून गेली होती; उरलेल्यांपुढे दुसरा मार्ग तरी कुठे होता, असे काही अभ्यासक विचारतात. प्रश्न रास्त आहे. तरीही १८९७ च्या प्लेगमधले पुणे आठवणाऱ्या आपल्याला फरक कळतो. पुण्यात विलगीकरण सोल्जरांच्या बुटांनी घरात शिरले. ईममध्ये निर्बंध सांगणारे स्वतः त्याच वेशीच्या आत राहिले. पुण्याच्या त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या; विश्वास अशाच माणसांवर बसतो.

आज ईमच्या जुन्या घरांवर तिथे मेलेल्यांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि आत माणसे नांदताहेत. प्लेग संडेच्याच सुमारास गावातल्या विहिरींपाशी ओल्या मातीच्या फळ्यांवर फुलांच्या पाकळ्या दाबून चित्रे सजतात.

पण आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या वाटेवरचा दगड. त्याच्या खळग्यांत ईमकर व्हिनेगरमध्ये नाणी ठेवत आणि शेजारच्या गावचे लोक अन्न ठेवून ती नेत. जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या अर्लनेही (उमरावानेही) रसद पुरवली. कोंडून घेतलेल्यांचे नाव इतिहासात राहिले, त्यांना जेवू घालणाऱ्यांचे फारसे नाही. प्लेग संडेच्या प्रार्थनेत त्या शेजाऱ्यांचाही हक्क आहे.