कोळसा संपला की पर्यटन?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, 'कोळसा संपला तर पर्यटन आणू' हे उत्तर आपल्याला फार सोपं वाटतं. पण जपानमधलं युबारी शहर बघा. १९६० च्या सुमारास तिथे लाखाहून जास्त लोक राहायचे. खाणी एकेक करून बंद पडल्या. शेवटची १९९० मध्ये. नगरपालिकेने कर्ज काढून कोळसा संग्रहालय, करमणुकीची उद्यानं उभारली. पर्यटक पुरेसे आले नाहीत, कर्ज मात्र वाढत गेलं. २००७ मध्ये शहर दिवाळखोर ठरलं. मग कात्री कुठे लागली? ग्रंथालय बंद झालं, रुग्णालय लहान झालं, आणि शाळा एकत्र करत करत प्राथमिक शाळा एकच उरली.

पर्यटनाला माझा विरोध नाही. वेल्समधली बिग पिट खाण १९८० ला बंद झाली, पण तिथे आजही माजी खाणकामगार पाहुण्यांना भूगर्भात नेतात. मात्र ते राष्ट्रीय संग्रहालय आहे. सगळा भार एकट्या गावावर नाही.

आपल्या चंद्रपूर, वणीचा कोळसाही कधीतरी संपणारच. म्हणून भूगोलाच्या तासाला 'खनिजे कुठे सापडतात?' एवढंच विचारून थांबू नका. 'खाण बंद झाल्यावर आपल्या गावात काय उरेल?' हेही विचारा. पालकांनो, हाच प्रश्न घरीही निघू द्या. आणि उत्तरात शाळा सगळ्यात आधी यायला हवी.