ओळख चार ओळींत



एका स्त्रीवादी मासिकाने पाहुणी लेखिका म्हणून लेख मागितलाय. सोबत चार ओळींत स्वतःची ओळख. आपल्या मंडळात हे सोपं असतं. अमक्यांची सून, तमक्या दुकानवाल्या वहिनी. तिथे ते चालणार नाही. पण ‘जैन असूनही स्त्रीवादी’ असंही मी लिहिणार नाही. तो ‘असूनही’ म्हणजे दारातच मागितलेली माफी.

मी ‘श्राविका’ लिहिलं. मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका असा आपला चतुर्विध संघ. त्यात श्राविका कुणाची बायको म्हणून नाही, स्वतःची व्रतं घेऊन उभी आहे. महावीरांच्या संघात मुनी १४,००० आणि आर्यिका ३६,००० सांगितल्या आहेत, चंदना त्यांची प्रमुख. सोलापूरच्या सुमतीबाई शहांनी ज्या संस्थेतून मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं, तिच्या नावातही हाच शब्द आहे.

मग दुसरी बाजूही तिथेच हवी. आपण दिगंबर स्त्रीदेहाने मोक्ष नाही असं मानतो. श्वेतांबर तर मल्लीनाथांनाच स्त्री मानतात. वर्षानुवर्षं तप केलेल्या आर्यिका माताजींनीही काल दीक्षा घेतलेल्या मुनींना वंदन करायचं. हे मला पटत नाही. आणि चौका लावताना, पडगाहनाला उभी राहताना माझा भाव खोटा नसतो. दोन्ही लिहिलं.

ह्यांनी वाचून विचारलं, “लोक काय म्हणतील?” मंडळातले की मासिकातले, ते काही सांगितलं नाही.

चार ओळींच्या सात झाल्यात. कापणार नाही.