गाडी ठेंगणी करण्याआधी

उंची कमी असलेल्या मुलाने किंवा मुलीने स्पोर्ट्स मोटरसायकल घेतली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "पाय टेकतात का?" दोन्ही टाचा टेकत नसल्या की गाडी गॅरेजमध्ये जाते आणि दोन इंच खाली होऊन परत येते. इथे तंजावरात मी अशा बऱ्याच गाड्या पाहतो. अठरावे वर्ष लागण्याची वाट पाहणाऱ्या कॅडेटांना आणि त्यांच्या पालकांना माझे सांगणे आहे, की हा इलाज सर्वांत शेवटी करावा.

मी नोकरीभर ईएमईत गाड्यांवरच काम केले, म्हणून थोडे आतले सांगतो. बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांत मागचा मोनोशॉक आणि स्विंगआर्म यांच्यामध्ये लिंकेज असते. त्यातली पट्टी लांब घातली की सीट खाली येते. पण तरफेचे प्रमाण बदलते आणि तीच स्प्रिंग वेगळी वागू लागते. पुढचा फोर्क तसाच ठेवला तर गाडीचे नाक वर राहते, फोर्कचा कल वाढतो आणि गाडी वळायला आळशी होते. स्पोर्ट्स गाडी घेतली ती वळणासाठी, आणि घालवले तेच! फोर्कच्या नळ्या क्लॅम्पमधून वर सरकवून हे सावरता येते, पण जास्त सरकवल्या तर जोरात ब्रेक लावल्यावर मडगार्ड वर आदळते. साइड स्टँडची तर कोणाला आठवणच नसते. गाडी खाली आली, स्टँड तेवढाच राहिला, म्हणजे गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते. उंची कमी, त्यात पडलेली दीडशे किलोची गाडी उचलायची. हा कसला फायदा?

आता रस्ता पाहा. यामाहा आर-१५ च्या सध्याच्या मॉडेलची सीट ८१५ मिलिमीटर उंच आहे आणि गाडीचा तळ जमिनीपासून १७० मिलिमीटर. पुढून-मागून ५० काढले तर १२० उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असतो. कुंभकोणम रस्त्याला लागलात की अय्यम्पेट्टै, पापनासम अशी गावामागून गावे आहेत, आणि गावातला प्रत्येक गतिरोधक पुस्तकातल्या मापाने बांधलेला नसतो. मागे कोणी बसले की गाडी आणखी दबते.

आमच्या गावाच्या हवाई तळावर २०२० च्या जानेवारीत सुखोई-३० ची २२२ वी तुकडी आली. वैमानिक निवडताना हवाई दल नुसती उंची पाहत नाही. पायाची लांबी आणि बसलेली उंची वेगळी मोजते. पाय किमान ९९ सेंटिमीटर लागतो. निवड झाल्यावर लढाऊ विमानात आसन आणि पॅडल त्या माणसाप्रमाणे पुढेमागे, वरखाली होतात. विमानाची चाके कोणी कापत नाही. मोटरसायकलीलाही हाच क्रम लावावा. एकाच उंचीच्या दोन कॅडेटांचे पाय दोन-तीन इंचांनी कमीजास्त असू शकतात, म्हणून शोरूममध्ये गाडीवर बसून पाहिल्याशिवाय काही ठरवू नये.

माझी भाची पाच फूट एक इंच आहे. आम्ही आधी सीटचा फोम पुढून कमी केला, त्याहून महत्त्वाचे म्हणजे सीटच्या कडा अरुंद केल्या. मांड्या फाकल्या नाहीत की पाय सरळ खाली जातो. मग प्रीलोड पाहिला. कारखान्यातली स्प्रिंग मध्यम वजनाच्या माणसाला धरून लावलेली असते. पंचेचाळीस किलोची मुलगी बसली तर ती हवी तेवढी दबतच नाही आणि गाडी आहे त्याहून उंच वाटते. प्रीलोड दोन खाचे कमी केल्यावर फरक दिसला. शेवटी जाड तळव्याचे बूट. आपले डीएमएस बूटही चालतात, फक्त नाडी आत खोचावी.

बाकीचे काम सरावाचे. थांबताना दोन्ही पाय लागत नाहीत. कंबर थोडी डावीकडे सरकवायची, डावा पाय टेकायचा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा. उतारावर तोंड खाली करून गाडी लावू नये, मागे ढकलताना पाय पुरत नाही. आठवडाभर रिकाम्या मैदानात हेच करून घ्यावे. लायसन्सच्या चाचणीत आठ काढताना पाय टेकला तर नापास करतात, हेही आठवावे. दानी पेद्रोसाची उंची सुमारे १६० सेंटिमीटर. त्याने मोटोजीपीच्या सर्वोच्च वर्गात ३१ शर्यती जिंकल्या. अर्थात त्याला सिग्नलला थांबावे लागत नव्हते.

हे सगळे करूनही एक पाय नीट पोचत नसेल, किंवा गुडघ्याला, खुब्याला जुनी दुखापत असेल, तर गाडी जरूर खाली करा. पण पुढून आणि मागून मिळून करा, एका इंचावर थांबा आणि स्टँड त्याच दिवशी कापून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल चालत नाही, म्हणून आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. गॅरेजमधून काढलेली मूळ पट्टी मागून घ्या आणि जपून ठेवा; गाडी विकायची वेळ येईल तेव्हा घेणारा सहा फुटी असू शकतो.