दात्याचा हिशेब मागण्याचा हक्क

मार्च २०२० मध्ये करोनाच्या संकटात केंद्र सरकारने पीएम केअर्स निधीची घोषणा केली. लगोलग त्या निधीच्या यूपीआय पत्त्यातील एक अक्षर गाळून केलेला बनावट पत्ता समाजमाध्यमांवर फिरू लागला आणि दिल्ली पोलिसांना लोकांस सावध करावे लागले. संकटकाळी असे भामटे निघतात, याचे आम्हांस नवल वाटत नाही. नवल याचे वाटते की, मेथीच्या जुडीचा भाव दोनदा विचारणारा आपला माणूस दान देताना मात्र एकही प्रश्न विचारीत नाही.

प्रश्न विचारला तर आपली कणव उणी दिसेल, अशी भीती त्यास वाटते. भामट्याचे सारे भांडवल ते हेच होय. वस्तीत जयंतीची वर्गणी गोळा करणारा तरुण ओळखीचा असतो. तो पावती फाडतो, आणि हिशेब चुकला तर त्याला चारचौघांत जाब विचारता येतो. फेसबुक अथवा व्हॉट्सॲपवरील आवाहनकर्त्यास कोठे गाठावयाचे? तेथे असते आजारी बालकाचे छायाचित्र, ‘शस्त्रक्रिया उद्याच’ अशी घाई आणि पैसे भरण्याचा क्यूआर कोड. ते छायाचित्र पुष्कळदा दुसऱ्याच कुटुंबाचे, जुन्या आवाहनातून उचललेले असते. गूगल लेन्सवर तपासले असता मूळ ठिकाण कित्येकदा सापडते. आणि एकदा फसलेला दाता पुढे खऱ्या रुग्णाच्या बापालाही नकार देतो. या चोरीचा खरा भुर्दंड त्या बापास बसतो.

वाचकहो, यूपीआयने पैसे पाठविण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव येते, ते वाचावे. आवाहन संस्थेच्या नावाने आणि खाते कोणा व्यक्तीचे, असे दिसताच थांबावे. मग आवाहन विहाराच्या बांधकामाचे असो वा विद्यार्थ्याच्या फीचे. रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक आवाहनातून न घेता स्वतंत्रपणे शोधावा आणि बिलापोटी रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात भरता येईल काय, ते विचारावे. ज्याची गरज खरी आहे, त्याला यात अपमान वाटण्याचे कारण नाही.

नोंदणी क्रमांक छापला म्हणजे संस्था खरी, ही समजूतही सोडली पाहिजे. क्रमांक चोरता येतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालील संस्थेची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणी नसलेल्यांनी धर्मादाय कार्यासाठी पैसे गोळा करावयाचे तर त्याच कायद्याचे ४१-सी हे कलम त्यांस लागू होते. गणेशोत्सवाची मंडळे याच कलमाखाली परवानगी घेतात. आयकर सवलतीचे प्रमाणपत्र हे कराचे प्रमाणपत्र आहे, सचोटीचे नव्हे.

फसवणूक झालीच तर त्याच दिवशी १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसा पुढील खात्यात सरकण्यापूर्वीच तो रोखणे शक्य असते. व्यवहाराचा क्रमांक व संभाषण जपून ठेवावे. रक्कम शंभरच रुपयांची म्हणून गप्प बसू नये. असे शंभर रुपये त्याने कितीजणांकडून घेतले, हे तक्रारी आल्यावाचून कळत नाही. हा भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमाखालील फसवणुकीचा, आणि तोतयेगिरी असल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-डी कलमाखालीलही गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ असे उत्तर मिळालेच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वये दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवावी लागते, हे अंमलदारास नम्रपणे पण उभ्या उभ्याच सांगावे.