मापाचा अग्निबाण अनगोळात घडेल

२३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अवकाश दिन ठरल्यापासून शाळाशाळांतून अग्निबाणांच्या प्रतिकृती उभ्या राहू लागल्या. थर्माकोल, पुठ्ठा, चंदेरी रंग एवढ्यावर भागते. अग्निबाण कोणता, मूळ उंची किती, हे मात्र फलकावर क्वचितच असते. शोभेची वस्तू आणि संग्रहालयातील प्रतिकृती यांत अंतर पडते ते इथेच. केरळात थुंबा येथील जुन्या चर्चमधील अवकाश संग्रहालयात अग्निबाणांचा हा इतिहास जपला आहे. पण सीमाभागातल्या वा गोव्यातल्या किती मुलांना तेथवर जाता येणार?

एसएलव्ही-३ हे उदाहरण घ्यावे. उंची सुमारे २२ मीटर, वजन १७ टन, चारही टप्पे घन इंधनाचे. एकास दहा या प्रमाणात त्याची प्रतिकृती २.२ मीटरची, म्हणजे दारापेक्षा किंचित उंच होते. वजन मात्र हजाराव्या हिश्श्यावर, १७ किलोवर, आणि रोहिणी उपग्रह अवघ्या ३५ ग्रॅमवर येतो. एवढा खटाटोप कशासाठी होता, हे तो चिमुकला तुकडा हातात घेतल्यावरच उमगते.

त्या फलकावर अपयशही असावे. १० ऑगस्ट १९७९ रोजी दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतील झडपेत बिघाड झाला आणि पहिला एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात कोसळला. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्याने रोहिणी कक्षेत नेली. घन इंधनाच्या संशोधनातील अग्रणी डॉ. वसंत गोवारीकर तेव्हा विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. हे नाव मराठी मुलांना मराठीतच वाचायला मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. बेळगावात फलकाच्या भाषेवरून किती वाद झडतात हे सर्वज्ञात आहे. विज्ञानाच्या फलकावर कन्नड, मराठी, इंग्रजी शेजारी नांदायला हरकत कोणाची असावी?

करणारे हात दूर नाहीत. अनगोळला लागूनच उद्यमबाग औद्योगिक वसाहत आहे. तेथील फाउंड्री आणि लेथवर आराखडा वाचून मिलिमीटरच्या अंशापर्यंत माप राखणारे कामगार रोज राबतात. चार टप्पे सुटे करता येतील अशी ॲल्युमिनियमची प्रतिकृती त्यांच्या आवाक्याबाहेरची नाही. अडचण आहे ती अधिकृत मापांची. ती इस्रोकडून रीतसर मागवावी लागतील. साचे एकदा तयार झाले की दुसरी प्रत स्वस्त पडते. ती मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रासाठी मागण्याचा विचार आपल्या शिक्षण खात्याने आतापासूनच करावा.