उडत्या माशाचे ताट

आपल्याकडे शुक्रवार म्हटला की गूळ-फुटाणे आणि देवीची ओटी. बार्बाडोस बेटावर शुक्रवार म्हटला की मासे! वेस्ट इंडीजच्या बेटांच्या माळेतले हे अगदी पूर्वेकडचे बेट. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३ आणि लोकवस्ती पावणेतीन-तीन लाखांच्या घरात. म्हणजे आपल्या बेळगाव शहरापेक्षाही कमी माणसे. तरीही नाव आपल्या कानांना परके नाही. राजधानी ब्रिजटाऊनमधल्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर १९७१ साली मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी १५० धावा काढल्या होत्या. आणि २९ जून २०२४ रोजी याच मैदानावर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, तेव्हा रोहित शर्माने खेळपट्टीवरचे गवत चिमटीत धरून तोंडात टाकले, ते तर घराघरांतून पाहिले गेले.

गवताची गोष्ट सोडा. बार्बाडोसला जाऊन काय खावे, हे पाहायचे तर दक्षिण किनाऱ्यावरच्या ओइस्टिन्स या कोळ्यांच्या गावी जायला हवे. दिवसा इथे मासळीबाजार असतो. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या भोवतालच्या टपऱ्या पेटतात, निखाऱ्यांवर मासे चढतात, गाणी सुरू होतात. लांब बाकांवर बँकेतला साहेब, बसचा ड्रायव्हर आणि लंडनहून आलेले पाहुणे शेजारी शेजारी बसून जेवतात. कुपा, मार्लिन, माही-माही असा जो मासा आला असेल तो भाजून किंवा तळून मिळतो. सोबत मॅकरोनीचा भाजलेला थर, कडधान्य घालून शिजवलेला भात, तळलेली केळी. आणि पिवळीधमक मिरचीची चटणी. तिच्यात मोहरी आणि हळद असते, त्यामुळे आपल्या जिभेला ती लगेच ओळख देते. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. पाटीवर ‘डॉल्फिन’ लिहिलेले दिसले तर दचकू नका. तिथे माही-माही माशालाच ते नाव आहे.

पण बेटाचे खरे राष्ट्रीय ताट म्हणजे कू-कू आणि उडता मासा. कू-कू म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना फार समजवायला नको. ज्यांच्या घरी मुद्दे होते, त्यांना ते चटकन कळेल. भेंडी पाण्यात शिजवायची, त्या बुळबुळीत पाण्यात मक्याचे पीठ थोडे थोडे सोडायचे आणि चपट्या लाकडी दांड्याने गुठळी न होऊ देता घोटत राहायचे. या दांड्याला तिथे ‘कू-कू स्टिक’ म्हणतात. लोणी लावलेल्या वाडग्यात गोळा घालून ताटात उपडा करायचा आणि वर कांदा, टोमॅटो, लिंबू, थाईमच्या रश्शात शिजवलेला मासा. भाकरीला भेंडी चिकटते म्हणून कुरकुरणाऱ्या सुनांनी हा प्रकार एकदा करून पाहावा!

या साध्या गोळ्यामागचा इतिहास मात्र साधा नाही. १६२७ साली इंग्रजांनी इथे वसाहत केली आणि थोड्याच वर्षांत सारे बेट उसाखाली गेले. त्या मळ्यांत राबायला आफ्रिकेतून माणसे पकडून आणली. मालक त्यांना मक्याचे पीठ आणि खारवलेले मासे मोजून देई. घोटण्याची रीत मात्र त्यांनी आफ्रिकेतून आपल्याबरोबर आणली होती. मोजून मिळालेल्या शिध्यातून त्यांनी जे उभे केले, ते आज देशाचे मानाचे अन्न आहे.

उडता मासा, घरातल्या कानडीत ‘हारुव मीनु’, पंखांसारखे पर पसरून पाण्यावरून तरंगत जातो. बार्बाडोसच्या एक डॉलरच्या नाण्यावरही तो आहे. त्याला पकडण्याची तऱ्हा ऊसवाल्या आपल्या भागाला गंमतीची वाटेल. हा मासा तरंगत्या वस्तूंवर अंडी घालतो. म्हणून कोळी उसाच्या पाचटाचे भारे समुद्रात सोडत आणि मासे त्याभोवती जमले की जाळे टाकत. या माशात काटे फार, त्यामुळे बाजारात बसून सपासप काटे काढणाऱ्या बायकांच्या हातावर ही सारी खाद्यपरंपरा उभी आहे.

आता हाच मासा दुर्मीळ होत चालला आहे. त्यावरून शेजारच्या त्रिनिदाद-टोबॅगोशी वाद झाला, तो आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेला आणि २००६ साली निकाल लागला. बार्बाडोसला त्या पाण्यात मासेमारीचा हक्क मिळाला नाही, दोघांनी बोलून मार्ग काढावा असे सांगण्यात आले. त्यात २०११ पासून सरगॅसम नावाचे समुद्री शेवाळ ढिगांनी किनाऱ्यावर येऊ लागले आणि कोळ्यांची गणिते आणखी बिघडली.

पोटोबा झाल्यावर पाहायलाही पुष्कळ आहे. हॅरिसन्स केव्ह या चुनखडीच्या गुहेत विजेच्या ट्रामने आत जाता येते. उत्तर टोकाला ॲनिमल फ्लॉवर केव्ह आहे, तिच्या तोंडातून खवळलेला अटलांटिक दिसतो आणि वर कड्यावर बसून जेवता येते. पूर्वेला बाथशेबाचे भूछत्रासारखे खडक, मात्र तिथे पोहायला उतरू नये. पोहायचे तर ब्रिजटाऊनजवळच्या शांत कार्लाइल बे मध्ये, तिथे समुद्री कासवे भेटतात. ब्रिजटाऊनचा जुना भाग २०११ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पश्चिम किनाऱ्यावर श्रीमंतांची हॉटेले आणि बंगले दाटीने उभे आहेत. तरी बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कोणतेही हॉटेल वाळूवर मालकी सांगू शकत नाही. दोन भिंतींमधली अरुंद वाटही लोक जपतात, ती बुजली तर आवाज उठवतात. गोवा-कारवारच्या आपल्या किनाऱ्यांनी यातून शिकण्यासारखे आहे, कारण वाळू सर्वांची असली तरी तिथवर जायची वाटच बंद झाली तर त्या हक्काचे करायचे काय?

विश्वचषकानंतर दोनच दिवसांनी, १ जुलै २०२४ रोजी, बेरिल चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले. विमानतळ बंद झाला आणि आपला संघ हॉटेलात अडकला. त्याची काळजी आपण टीव्हीसमोर बसून केली. त्याच लाटांनी ब्रिजटाऊनच्या बंदरात कोळ्यांच्या होड्या एकमेकींवर आपटल्या, किती तरी फुटल्या, बुडाल्या. खेळाडूंसाठी खास विमान आले. ज्याची होडी गेली त्याला मात्र नवी मिळेपर्यंत समुद्र बंद.

म्हणून कोणी नातेवाईक लंडन-अमेरिकेहून तिकडे निघाले तर त्यांना एवढेच सांगा. हॉटेलातल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर एक जेवण खुशाल घ्या, पण शुक्रवार ओइस्टिन्ससाठी राखून ठेवा. टपरीवालीला आज कोणता मासा आला ते विचारा आणि तोच घ्या. उडता मासा नसेल तर हट्ट नको. समुद्राने दिले तेवढेच ताटात घ्यावे, हे कोळ्यांना कळते. पाहुण्यांनाही कळले तर ते ताट पुढच्या पिढीपर्यंत पोचेल.