पार्क स्ट्रीटची थडगी पाडायची कशाला?

१/१२
"परक्यांची थडगी जपायची कशाला? पाडा आणि जागा मोकळी करा." जुन्या युरोपीय दफनभूमीचे छायाचित्र कोणी टाकले की त्याखाली हे वाक्य हमखास येते. प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर मात्र घाईचे आहे. कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीचा इतिहास पाहिला की ही घाई कोणाच्या पथ्यावर पडते ते कळते.

२/१२
ही दफनभूमी १७६७ साली सुरू झाली. प्लासीच्या लढाईला तेव्हा दहा वर्षे झाली होती आणि बंगाल-बिहार-ओरिसाची दिवाणी कंपनीच्या हाती येऊन दोन. शहरातली जुनी जागा अपुरी पडू लागल्याने वस्तीबाहेर नवी निवडण्यात आली. तिकडे जाणाऱ्या रस्त्याचे नावच 'बरिअल ग्राउंड रोड' पडले. पुढे तो पार्क स्ट्रीट झाला.

३/१२
आत शिरताच दिसतात ते विटा-चुन्याचे उंच पिरॅमिड, सूच्याकार स्तंभ, घुमटाकार छत्र्या. त्यांखाली निजलेल्यांची वये मात्र थक्क करणारी. ताप, पटकी आणि बाळंतपण यांनी कित्येकांना ऐन तारुण्यात नेले. बंगालमध्ये आलेल्या युरोपीय माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच तेव्हा रूढ होती.

४/१२
या अकाली मृत्यूंवर एक हळवे पर्यटन पोसले गेले आहे. १८०० साली विसाव्या वर्षी वारलेल्या रोझ एल्मरच्या थडग्यावर लँडर या इंग्रज कवीची कविता कोरलेली आहे. तिच्यापुढे उभे राहून हळहळण्यात गैर काही नाही. पण हळहळून परत फिरणाऱ्याने इतिहास पाहिला असे म्हणता येत नाही.

५/१२
इतिहासाचा पहिला प्रश्न असा : एवढ्या वास्तू उभारण्याइतका पैसा आला कोठून? कंपनीच्या कारकुनाचा पगार तुटपुंजा होता. संपत्ती आली ती खासगी व्यापारातून आणि प्लासीनंतर उकळलेल्या नजराण्यांतून. असा गबर होऊन परतलेल्या माणसाला इंग्लंडमध्येच उपहासाने 'नबाब' म्हणत.

६/१२
दुसरा प्रश्न अधिक जळजळीत आहे. दफनभूमी सुरू झाल्यावर तीनच वर्षांत, १७७० मध्ये, बंगालला भीषण दुष्काळाने गाठले. निदान एक तृतीयांश लोक मेले, असा अंदाज खुद्द वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये कळवला. आणि एवढी माणसे मरूनही १७७१ ची सारावसुली १७६८ पेक्षा अधिक भरली, हेही त्यानेच नोंदवले.

७/१२
त्या लाखो मृतांसाठी कोणी पिरॅमिड बांधला नाही. मेलेल्यांच्या वाट्याचा सारा जिवंत राहिलेल्यांकडून वसूल झाला. ही दफनभूमी वाचायची ती या पार्श्वभूमीवर. ती पाडली तर कंपनीला कोणतीच शिक्षा होत नाही. उलट तिच्या श्रीमंतीचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आपल्याच हातांनी नष्ट होतो.

८/१२
शिवाय 'परके' हा एक शब्द येथे सर्वांना पुरत नाही. एशियाटिक सोसायटी स्थापणारा आणि 'शाकुंतल' इंग्रजीत नेणारा सर विल्यम जोन्स येथे आहे. 'हिंदू स्टुअर्ट' म्हणून ओळखला जाणारा चार्ल्स स्टुअर्ट देवळासारख्या थडग्यात आहे. त्याने जमवलेल्या हिंदू मूर्ती मात्र अखेर ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या.

९/१२
आणि येथेच हेन्री डेरोझिओ आहे. जन्म कलकत्त्याचा, रक्त मिश्र. हिंदू कॉलेजात विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवल्याबद्दल त्याला १८३१ मध्ये पद सोडावे लागले. त्याच वर्षी बाविसाव्या वर्षी पटकीने तो गेला. त्याने कवितेत भारताला स्वदेश म्हणून हाक मारली होती. कुदळ चालवणारा त्याचे थडगे कोणत्या यादीत धरणार?

१०/१२
मराठी वाचकाने येथे थोडे अधिक थांबावे. दफनभूमीजवळून सर्क्युलर रोड जातो. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्तेकरांनी 'मराठा खंदक' खणायला घेतला. तो अपुराच राहिला, आणि पुढे तो बुजवून हा रस्ता झाला. 'बर्गी' हा शब्द बंगाली अंगाईत अजून भीती म्हणूनच येतो. त्या स्वाऱ्यांत मेलेल्या रयतेचीही थडगी नाहीत. दुसऱ्यांच्या अपराधाचे पुरावे मागणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे.

११/१२
पाडून पाहण्याचा प्रयोग झालेलाही आहे. रस्त्यापलीकडची नॉर्थ पार्क स्ट्रीट दफनभूमी १९५३ मध्ये हटवण्यात आली. आज तेथे इमारती आहेत. त्यामुळे वसाहतवादाचा डाग पुसला गेला काय? पुसले गेले ते फक्त कोरलेले लेख : नावे, वये, हुद्दे, तारखा.

१२/१२
तेव्हा मागणी करायचीच तर ती अशी करावी : थडगी राहू द्या, लेख वाचता येतील अशा स्थितीत ठेवा, आणि प्रवेशद्वारापाशी १७७० च्या दुष्काळाचा ठसठशीत फलक लावा. आत शिरणाऱ्याने ज्यांना थडगे मिळाले नाही त्यांची संख्या आधी वाचावी आणि मगच पिरॅमिडची उंची मोजावी.

#इतिहास #कोलकाता